बर्ही खजुराची टिश्यू कल्चर रोपं कॅलसपासून केलेली असतात का? सोलापूर भागात लावायची आहेत, भरवसा ठेवावा का?

बरीचशी असतात, म्हणजे झाडाच्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत आधी कॅलस (पेशींचा पुंजका) वाढवून त्यातून केलेली. लावायला हरकत नाही, बर्ही निवडलीत तेही चांगलं. ती पिवळी असतानाच गोड लागते, त्यामुळे आपल्याकडच्या पावसात पूर्ण पिकण्याची वाट बघावी लागत नाही. पण रोपांचा इतिहास विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. मी टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून आग्रहाने सांगतो.

खजुराची बी लावली तर साधारण निम्मी झाडं नर निघतात, आणि मादीचं फळही आईसारखं येईलच असं नाही. बुंध्याशी येणाऱ्या फुटव्यातून वाण टिकतो, पण एक झाड उभ्या आयुष्यात जेमतेम वीस-तीस फुटवे देतं, तेही कोवळ्या वयात. एकाच वाणाची हजार रोपं त्यातून कधी व्हायची?

म्हणून फुटवा सोलत सोलत आतला कोवळा शेंडा काढतात आणि २,४-डी घातलेल्या माध्यमावर अंधारात ठेवतात. शेतात तणनाशक म्हणून मारतो तेच हे २,४-डी, इथे अल्प मात्रेत संजीवकाचं काम करतं. कापलेला भाग काळा पडून मरू नये म्हणून माध्यमात कोळशाची पूडही असते. काही महिन्यांनी पेशींचा गाठीगाठींचा पुंजका तयार होतो, तो कॅलस. मग २,४-डी काढून घेतलं की त्यातून भ्रूण उमटू लागतात. ना पराग, ना बी, तरी बीतल्या गर्भासारखंच एका टोकाला कोंब आणि दुसऱ्या टोकाला मूळ! गाजराच्या पेशींत हे १९५८ साली दिसलं होतं. मला आजही त्याचं नवल वाटतं.

धोका आहे तो कॅलसमध्येच. तो वर्षानुवर्षं वाढवत ठेवला तर पेशींत बदल साचत जातात. बर्हीत ते वेगवेगळ्या देशांत दिसले आहेत: झाड खुजं राहतं, किंवा परागीकरण करूनही एकाऐवजी तीन-तीन जोडलेली, बिनबियांची फळं धरतात आणि ती नीट पोसत नाहीत. रोप हातात घेऊन यातलं काही ओळखता येत नाही. फुलोरा यायला चार-पाच वर्षं जातात, तोवर ठिबक, खत, मजुरी सगळं होऊन गेलेलं असतं.

तेव्हा विक्रेत्याला विचारा: कॅलस किती जुना होता? मातृवृक्ष कुठला? याच प्रयोगशाळेची फळावर आलेली बाग कुठे आहे? कच्छमध्ये अशा बागा आहेत. जून-जुलैत जाऊन घड स्वतः बघा. डीएनए तपासणीच्या कागदावर विसंबू नका. बरेचसे बदल डीएनएच्या अक्षरांत नसून त्यांवरच्या रासायनिक खुणांत असतात, आणि नेहमीच्या चाचणीत ते सापडत नाहीत. कॅलस न करता शेंड्यापासून थेट कोंब काढून केलेली रोपं मिळाली तर ती घ्या. ती पद्धत संथ आहे, पण तिच्यात वाण बिघडण्याची भीती कमी.

आणि नराची काही रोपं त्याच वेळी मागवा. पराग हातानेच द्यावा लागतो, आणि तो वेळेत मिळाला नाही तर चांगल्या रोपावरही फळ धरत नाही, दोष मात्र रोपाला जातो.