पावसाळ्यात लोळणारा क्यू

प्रश्न : अमेरिकेहून आणलेला, हाताने घडवलेला दोन तुकड्यांचा पूल क्यू (पूल खेळायची काठी) आहे. जोडून टेबलावर लोळवला की टोक हलतं. शाफ्टही चिकट झालाय. पॉलिश पेपर मारू का? (वाचक, ठाणे)

उत्तर : पॉलिश पेपर आधी बाजूला ठेवा. शाफ्ट (पुढचा बारीक तुकडा) आणि बट (मागचा जाड तुकडा) वेगवेगळे लोळवा. दोन्ही सरळ असतील तर दोष जोडात आहे. बहुतेकदा जोडाच्या तोंडावर, क्यूच्या टोकाला लावायच्या खडूची पूड बसलेली असते. कोरड्या फडक्याने पुसा, पुन्हा जोडा. एकटा शाफ्टच हलला, तर त्याच्या मेपल लाकडाने दमट हवा प्यायली समजा. असा क्यू घरी वाकवून सरळ करायला जाऊ नका.

चिकटपणासाठी फडकं ओलं करून घट्ट पिळा, एकदाच फिरवा आणि लगेच कोरडं पुसा. मग चामड्याच्या तुकड्याने लाकूड कोमट लागेपर्यंत घासा. पॉलिश पेपर दर वेळी थोडं लाकूड खातो. १३ मिमीचा शाफ्ट असाच हळूहळू बारीक होतो, आणि कारागिराने साधलेला निमुळता उतार परत येत नाही.

क्यू भिंतीला टेकवून किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. जोडाला टोप्या घालून केसमध्येच ठेवा.

हातात आहेच, तर बटावरचे नक्षीचे टोकदार त्रिकोण भिंगाखाली पाहा. खाच पाडून बसवलेल्यांची टोकं सुईसारखी असतात; यंत्राने कोरून भरलेल्यांची बहुधा किंचित गोल. गोल म्हणजे वाईट नव्हे, पण किंमत ठरवताना हे माहीत हवं.