टोटेम, देवक आणि ‘माझा प्राणी’

एका चित्रकार वाचक ताईंचा प्रश्न आहे. त्या प्राण्यांची एक चित्रमालिका करताहेत: पिंगळा, बिबट्या आणि खवले मांजर. अडचणीच्या काळात हे तिघं आपल्या पाठीशी उभे राहिले असं त्यांना वाटतं, म्हणून मालिकेचं नाव सध्या ‘माझी टोटेम्स’ आहे. प्रदर्शनाची पत्रिका मराठीत छापायची आहे, तर टोटेमला ‘देवक’ म्हणावं का? कुणीतरी ‘आत्मप्राणी’ सुचवलंय, ते कसं वाटतं? आणि टोटेमचं मराठी अनेकवचन काय?

अनेकवचनाचं शेवटी बघू. आधी देवकाचं, कारण तिथे घाई केली तर प्रदर्शनाला आलेली एखादी आजी तुम्हाला भलतेच प्रश्न विचारेल.

टोटेम म्हणजे थोडक्यात कुळाची खूण मानलेला प्राणी, झाड किंवा वस्तू. त्याला देवक हा प्रतिशब्द तुम्ही शोधलेला नाही, समाजशास्त्राच्या मराठी पुस्तकांत तो रुळलेला आहे. सोबत कुलचिन्ह, कुलप्रतीक, गणचिन्ह असे घडवलेले शब्दही दिसतात. घडवलेल्या शब्दांना पुस्तकाचा वास येतो आणि देवकाला मांडवाचा, म्हणून मला देवक जवळचा. मराठा-कुणबी आणि इतर अनेक जातींत प्रत्येक कुळाचं देवक ठरलेलं असतं. कुणाचं कळंब, कुणाचं पंचपल्लव म्हणजे बोलीतली पाचपालवी, कुणाचं रुई, शमी, वासनवेल, शंख, तर कुणाचं तलवारीचं पातं. मोऱ्यांचं देवक मोरपीस आणि कदमांचं कळंब, असं आडनावाशी जुळवून सांगायची पद्धत तर सर्वांच्या ओळखीची आहे. लग्नाआधी हे देवक वाजतगाजत आणायचं, मांडवाच्या मेढीला बांधायचं, पूजा करायची. देवक ‘बसतं’ आणि कार्य झालं की ‘उठतं’. एकदा बसलं की मधे सोयरसुतक लागत नाही, असं घरातली मोठी माणसं सांगतात. ब्राह्मणांकडेही देवक बसतं, पण तिथे त्याचा अर्थ मंडपदेवता आणि अविघ्न गणपतीची स्थापना असा होतो. कुळाचं झाड-पीस त्यात नसतं. शब्द एक, आत बसणारे वेगळे.

आमच्या घरचं देवक पाचपालवी. चुलतभावाच्या लग्नात शहरात पाच झाडांच्या डहाळ्या जमवताना आमची जी धावपळ झाली, ती अजून आठवते. चार मिळाल्या, पाचवीसाठी काका स्कूटरवरून अर्धं शहर फिरले आणि परत आले तेव्हा मुहूर्ताला वीस मिनिटं उरली होती. ‘एक कमी असली तर चालत नाही का?’ असं मी विचारल्यावर आजीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यातून मला देवक या शब्दाचा अर्थ कुठल्याही कोशापेक्षा नीट कळला. ते आम्ही निवडलेलं नव्हतं. आम्हाला ते आवडतं की नाही, हा प्रश्नच नव्हता.

देवकाचं खरं काम मात्र सोयरिकीच्या वेळी कळतं. दोन्ही घरांचं देवक एक निघालं तर ती भाऊबंदकी झाली, लग्न होत नाही. म्हणजे देवक हा आधी नात्याचा नियम आहे, मग पूजेचा विषय. आर. ई. एन्थोव्हेन या इंग्रज अधिकाऱ्याने १९२० ते १९२२ या काळात मुंबई इलाख्यातल्या जातिजमातींवर तीन खंड प्रसिद्ध केले. त्यांत देवकाची गाठ टोटेमशी घातली आहे ती मुख्यतः याच कारणाने.

आता टोटेमच्या माहेरी जाऊ. हा शब्द इंग्रजीचा नाही. उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या परिसरात राहणाऱ्या ओजिब्वे लोकांचा तो आहे. ते स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात. त्यांच्या भाषेत हा शब्द एकटा उभा राहत नाही, त्याला कुणाचं तरी असावंच लागतं. निंडोडेम म्हणजे माझं, गिडोडेम म्हणजे तुझं, ओडोडेमन म्हणजे त्याचं किंवा तिचं. नुसतं ‘डोडेम’ हे आपण पाहुण्यांनी सोलून काढलेलं खोड आहे. ओळख करून घेताना ते विचारतात ‘अवेनेन गिडोडेम?’ आणि उत्तर येतं ‘मकवा निंडोडेम’, माझं अस्वल. यातला ‘अवेनेन’ मला फार आवडतो, कारण त्याचा अर्थ आहे ‘कोण’. आपण विचारतो ‘तुमचं देवक काय?’ आणि ते विचारतात ‘तुझं डोडेम कोण?’

अस्वल, क्रौंच, लून नावाचा पाणपक्षी, मार्टेन नावाचा मुंगसासारखा लवचीक प्राणी, कॅट फिश मासा, कॅरिबू हरिण ही त्यांची काही डोडेमं. ते बापाकडून मुलांकडे येतं आणि एका डोडेमची मुलगी त्याच डोडेमच्या मुलाला देत नाहीत. हे वाचताना मी थबकलो होतो. शंभर पिढ्यांत एकमेकांना न भेटलेल्या दोन समाजांत सोयरीक मोडायचं कारण एकच! इथवर देवक आणि टोटेम अगदी सख्खे भाऊ वाटतात.

मग टोटेमला ‘माझा पाठीराखा प्राणी’ हा अर्थ कुठून चिकटला? गंमत अशी की तो शब्द इंग्रजीत पहिल्यांदा छापून आला, तेव्हापासूनच. जॉन लाँग नावाचा इंग्रज माणूस कातड्यांच्या व्यापारात दुभाष्या होता. त्याचं प्रवासवर्णन १७९१ मध्ये लंडनला छापलं गेलं. त्यात तो ‘टोटम’ असं लिहितो आणि अर्थ देतो प्रत्येक माणसावर नजर ठेवणारा त्याचा लाडका आत्मा, जो एखाद्या प्राण्याचं रूप घेतो. वर किस्साही सांगतो. अस्वल ज्याचं टोटम, अशा एकाच्या हातून शिकारीत अस्वल मारलं गेलं. तो धास्तावून परतला आणि म्हणाला, माझं टोटम रागावलंय, आता मला कधी शिकार साधणार नाही.

किस्सा चांगला आहे, पण लाँगने दोन गोष्टी एकाच पोत्यात भरल्या. कुळाचं ते डोडेम. त्याखेरीज ओजिब्वे मुलगे-मुली वयात येताना उपास धरून एकांतात बसत आणि स्वप्नात जो कुणी भेटायला येई, तो त्यांचा जन्माचा रक्षक होई. त्याला त्यांच्या भाषेत वेगळा शब्द आहे, बवागन. लाँगने सांगितलेली राखण बवागनची आणि लावलेलं नाव डोडेमचं. ताई, तुमची मालिकाही त्याच पोत्यातून निघाली आहे. दोष तुमचा नाही, सव्वादोनशे वर्षांची परंपरा आहे त्याला. पुढे विद्वानांनी हा शब्द ऑस्ट्रेलियापर्यंत ताणला. एमिल द्युर्कहाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये त्यावर धर्माचं मूळ उभं केलं आणि १९६२ मध्ये क्लोद लेव्ही-स्त्रोस या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने ‘टोटेमवाद अशी काही एक गोष्ट मुळात नाहीच’ असं म्हणून सगळा मांडव उतरवला. ‘टोटेम पोल’ म्हणून आपण जे कोरीव खांब ओळखतो ते तर ओजिब्वेंचे नाहीतच. ते हजारो किलोमीटर पश्चिमेला, पॅसिफिक किनाऱ्यावरच्या हैडा, त्लिंगित वगैरे लोकांचे, देवदारासारख्या सीडर झाडाचे. नाव एकाचं, खांब दुसऱ्याचा.

तुम्ही चित्रकार आहात, म्हणून एका गोष्टीपाशी जरा रेंगाळतो. ओजिब्वे आपलं डोडेम काढत, म्हणजे खरोखर रेखाटत, आणि ते चित्र सहीचं काम करी. ४ ऑगस्ट १७०१ रोजी माँट्रियलला फ्रेंचांशी जो मोठा तह झाला, त्या कागदावर तीसहून अधिक राष्ट्रांच्या प्रतिनिधींच्या खुणा आहेत आणि त्यांत क्रौंच आहे, कासव आहे, बीव्हर आहे. १८४९ मध्ये सुपीरियर सरोवराकाठच्या ओजिब्वेंचं एक शिष्टमंडळ अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडे अर्ज घेऊन वॉशिंग्टनला गेलं. तो अर्ज भूर्जाच्या सालीवर काढलेलं चित्र होता. पुढे क्रौंच, त्याच्यामागे मार्टेन, अस्वल, मासा. सगळ्यांच्या डोळ्यांपासून रेषा निघून क्रौंचाच्या डोळ्याला मिळतात आणि काळजांपासून निघून त्याच्या काळजाला. क्रौंचाच्या डोळ्यातून एक रेषा पुढे राष्ट्राध्यक्षांकडे जाते, दुसरी मागे तळ्यांकडे. रानभाताची ती तळी आमच्याकडे राहू द्या, एवढंच मागणं. आमची नजर एक, मन एक, हे वाक्य शाईशिवाय लिहिलंय.

वाबोजीग हा त्यांचा नावाजलेला युद्धनेता १७९३ मध्ये वारला. त्याचं डोडेम कॅरिबू. त्याच्या थडग्यावरच्या फळीवर हरिण उलटं काढलं होतं, पाय वर. उलटं डोडेम म्हणजे माणूस गेला. बाजूला सात रेघा म्हणजे सात मोहिमा, खाली तीन उभ्या रेघा म्हणजे लढाईतल्या तीन जखमा. त्याचं नाव मात्र कुठेच नाही. हे टिपून ठेवणारा हेन्री स्कूलक्राफ्ट हा अमेरिकन अभ्यासक वाबोजीगचा नातजावई.

देवकाचं असं होत नाही. देवक आणतात, बांधतात, बसवतात, उठवतात. देवक ‘काढत’ नाहीत. ‘मी माझं देवक काढलं’ हे वाक्य मराठी कानाला चित्राचं वाटतच नाही, कुणीतरी मांडवातून काहीतरी उपटून नेलंय असं वाटतं. दुसरं म्हणजे वरची देवकांची यादी पुन्हा पाहा. झाडं, वेली, वस्तू, फार तर पीस किंवा पंख. सबंध प्राणी क्वचितच. आणि तिसरं, सर्वांत महत्त्वाचं, देवक निवडता येत नाही. तेव्हा तुमच्या बिबट्याला देवक म्हणू नका.

आपल्याकडच्या गोंडांचं उदाहरण इथे जास्त जवळचं. चंद्रपूर-गडचिरोलीत टेकाम, मरकाम ही आडनावं ऐकली असतील. गोंडीत टेका म्हणजे साग आणि मरका म्हणजे आंबा. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांताच्या जमातींची नोंद करताना हे अर्थ दिले आहेत. शिवाय किती देव पूजायचे त्यावरून चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे गट, आणि लग्न गटाबाहेर. तिथे टोटेम म्हणा, चालेल, कारण ते पुन्हा कुळाचंच आहे.

मग तुमच्या तिघांना काय म्हणायचं? ‘आत्मप्राणी’ नको. प्राणी म्हणजे ज्याच्यात प्राण आहे तो, पसायदानातल्या ‘प्राणिजात’मध्ये तुम्ही-आम्ही आलोच. त्याच्यामागे आत्मा जोडला की प्राण आणि आत्मा एकाच बाकावर दाटीने बसतात. इंग्रजीतला ‘स्पिरिट ॲनिमल’ हा जोडशब्द घाईने उतरवला की असं होतं.

एक तयार सोय ज्योतिषात आहे, पण ती तुम्ही वापरणार नाही. पत्रिका जुळवताना प्रत्येक नक्षत्राला एक प्राणी असतो. अश्विनीला घोडा, भरणीला हत्ती, चित्रा-विशाखांना वाघ, मघेला उंदीर. असे चौदा प्राणी, आणि मांजर-उंदीर जुळले की गुरुजींचा चेहरा पडतो. माणसागणिक एक प्राणी, जन्मापासून पक्का. पण त्या खात्याचं नाव आहे ‘योनी’. प्रदर्शनाच्या पत्रिकेवर ‘माझ्या योनी’ छापल्यावर काय होईल, ते मी सांगायला नको.

मला वाटतं उत्तर आपल्या देवघरातच आहे. मराठी माणूस कुलदेवता आणि इष्टदेवता यांत कधी गल्लत करत नाही. कुळाचा खंडोबा आजोबांकडून आला, आणि ज्या दत्तापुढे आपण मनातलं बोलतो तो आपला आपण धरला. लाँगला जे दोन कप्पे दिसले नाहीत, ते आपल्याकडे दोन उपसर्गांसारखे हाताशी आहेत. डोडेम कुल-च्या कप्प्यातलं, बवागन इष्ट-च्या. तेव्हा ‘इष्टप्राणी’. शब्द नवा आहे, पण ऐकणाऱ्याला समजावून सांगावा लागणार नाही.

थोडा मातीतला हवा असेल तर कोकण-गोव्यातला ‘राखणदार’ आहे. गावाची, वाडीची, बागेची राखण करणारा तो. पालघर-नाशिककडे वारली, कोकणा लोकांचा वाघदेवही याच जातीचा. लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगाला शेंदूर, आणि वाघबारशीला पूजा. खटकतं एवढंच की राखणदार जागेचा असतो, एका माणसाचा नसतो. पण ‘माझे राखणदार’ म्हटलं की ती खोच आपोआप भरून निघते, आणि नावालाही वजन येतं. माझं मत याला. पिंगळा, बिबट्या, खवले मांजर, तिघंही रात्री जागणारे. राखण करणाऱ्यांची याहून चांगली निवड मला सुचत नाही.

राहिलं अनेकवचन. टोटेम मराठीत नपुंसकलिंगी चालतं, ते टोटेम. त्यामुळे लेखी मराठीत ‘टोटेमे’, बोलताना ‘टोटेमं’. ‘टोटेम्स’ला इंग्रजीचा ‘स’ लागलाय, तो काढून टाका. मूळ ओजिब्वे लोकांबद्दल लिहिताना मात्र ‘त्यांची डोडेमं’ लिहिलंत, तर ‘त्यांची’ गाळू नका. त्या शब्दाला ते चालत नाही.