आधी फिट होते, मग कराटे लावते

"मॅडम, मला कराटे शिकायचंय पण स्टॅमिना शून्य आहे, दोन जिने चढले की धाप लागते, तर आधी सहा महिने जिम लावू का आणि मग क्लास?" हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा जण तरी विचारतात, कराटेच्या जागी कधी ज्युदो असतं, कधी तायक्वांदो, बाकी वाक्य तेच. समुपदेशकाकडे हा प्रश्न कशाला येईल असं वाटेल तुम्हाला. तसा तो सरळ येत नाहीच. झोप लागत नाही, चिडचिड होते, ऑफिसात तोंड उघडत नाही, अशा कशाचं तरी शेपूट धरून येतो. एका ताईंची गोष्ट सांगते, त्यांची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ताई 36 वर्षांच्या, बँकेत नोकरी. मुलगी नऊ वर्षांची, शाळेच्या हॉलमध्ये कराटेला जाते, पिवळा बेल्ट. आठवड्यातून तीन दिवस ताई तिला सोडायच्या आणि तासभर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तिची पाण्याची बाटली धरून बसायच्या, असं दोन वर्षं. तिथले सर एकदा म्हणाले होते, मोठ्यांनाही घेतो, या की तुम्ही पण. त्या दिवसापासून ताईंच्या मोबाईलमध्ये एक यादी होती. वजन 72 वरून 62, रोज 25 सूर्यनमस्कार, न थांबता 3 किलोमीटर पळणं. हे जमलं की क्लास लावायचा.

आता माझी चूक सांगते. मी ती यादी बघितली आणि म्हटलं, छान, फक्त जरा सोपी करूया, आणि आम्ही दोघींनी बसून आठ आठवड्यांचा तक्ता केला, रंगीत पेनांनी वगैरे. अकरा दिवस चालला तो. बाराव्या दिवशी मुलीला ताप, मग ऑडिट, मग संपलंच. पुढच्या सेशनला ताई आल्या त्या मान खाली घालून, म्हणाल्या, "तुम्ही दिलेलं सोपं होतं तरी नाही जमलं, म्हणजे माझ्यातच खोट आहे." तेव्हा माझ्या लक्षात आलं की आधीच नापास समजणाऱ्या बाईला मी अजून एक पेपर सोडवायला दिला होता.

मग तक्ता बाजूला ठेवला आणि विचारलं, समजा उद्याच क्लासला गेलात, यादीतलं काहीही न करता, तर काय होईल? दम लागेल म्हणाल्या. लागला, मग? मग थांबावं लागेल. थांबलात, मग? बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, सगळे बघतील. सगळे म्हणजे कोण, त्या हॉलमध्ये तर दहा-बारा वर्षांची पोरं आहेत. तर आठवीतली गोष्ट निघाली. शाळेच्या मैदानावर रिले होती, ताई जाड म्हणून मागे पडल्या, आणि पीटीचे सर सगळ्यांसमोर म्हणाले, तू बस बाजूला, स्कोअर लिही. तेव्हापासून शाळा सुटेपर्यंत त्या स्कोअरच लिहीत राहिल्या. हे सांगताना त्या रडल्या नाहीत, हसल्या, आणि मलाच ती खुर्ची आणि ती बाटली डोळ्यासमोर आली.

पण थांबा, सगळंच मनाचं नव्हतं, आणि आमच्या क्षेत्रातल्या लोकांची ही खोडच आहे की एकदा बालपण सापडलं की आम्ही खूश होतो. दोन जिन्यांत धाप लागते हे वाक्य मी पहिल्या दिवशीच ऐकलं होतं आणि नुसतं ऐकून सोडून दिलं होतं. या खेपेला विचारलं, शेवटचं रक्त कधी तपासलं? बाळंतपणात. म्हणजे नऊ वर्षांपूर्वी! पाळी? खूप जाते, पहिल्यापासूनच. मी काही डॉक्टर नाही, त्यांच्या फॅमिली डॉक्टरांकडे पाठवलं, हिमोग्लोबिन निघालं 9.2, बाईचं 12 च्या खाली असलं की ते कमीच धरतात. दोन वर्षं ज्याला त्या स्वतःचा आळशीपणा म्हणत होत्या त्यात लोहाच्या कमतरतेचा चांगला मोठा वाटा होता. गोळ्या सुरू झाल्या, गोळीवर लगेच चहा घ्यायचा नाही कारण चहाने लोह नीट अंगी लागत नाही, हे त्यांना सगळ्यात जड गेलं. पाळीसाठी वेगळी तपासणी झाली. डॉक्टरांना आम्ही मुद्दाम क्लासचं विचारायला सांगितलं होतं, ते म्हणाले, महिन्याभराने परत तपासू आणि मग सावकाश सुरू करा, चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर तिथेच थांबायचं आणि मला दाखवायचं.

म्हणून माझं मत विचाराल तर फिट होण्यासाठी थांबू नका, पण तपासणीसाठी थांबा. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, जुनं गुडघ्याचं किंवा कमरेचं दुखणं, घरात कमी वयात कुणाला हार्टचा त्रास, एवढं डॉक्टरांशी बोलून घ्या, आणि चाळिशीच्या पुढच्या पुरुषांनो तुम्ही तर नक्कीच, कारण ताईंच्या उलट तुमच्यातले काही जण पहिल्याच दिवशी कॉलेजात असल्यासारखी उंच किक मारायला जातात आणि मांडीची मागची शीर धरून लंगडत घरी येतात. अजून एक, बायका हे माझ्याशी पण दार लावून, आवाज खाली करून बोलतात: उड्या मारल्या की थोडी लघवी होते, म्हणून क्लास नको. बाळंतपणानंतर हे बऱ्याच जणींना होतं, फिजिओथेरपिस्टकडे त्याचे व्यायाम असतात. त्यासाठी आयुष्यभर खुर्चीवर बसायची गरज नाही.

त्या महिन्यात ताईंनी काय केलं? फार काही नाही. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगाने वीसेक मिनिटं चालणं, खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून पुशअप. मी एकच अट घातली होती, यातलं काही लिहून ठेवायचं नाही.

मी कोल्हापूरची, माझे आजोबा तालमीत जायचे. ते सांगायचे, नवं पोर आलं की वस्ताद त्याला आधी पैलवान होऊन ये म्हणत नाही, हातात फावडं देतो आणि हौदा, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, खोरायला लावतो. ती तेला-ताकाची लाल माती वरखाली करता करताच खांदे भरतात, मग बैठका दहाच्या वीस होतात. कराटेत पण तसंच, पहिले काही महिने उभं राहायचं कसं, सरळ ठोसा, हाताने अडवणं, ओळीत पुढे-मागे जाणं हेच चालतं. आणि पळून कमावलेला दम तिथे थोडाच कामी येतो, कारण नवीन माणूस दमतो तो मुठी आवळून, खांदे कानाला लावून, श्वास धरून. ते जोरात ओरडतात ना, कियाई, त्याने श्वास बाहेर पडतो. हे ट्रेडमिलवर कुठून शिकणार.

त्या हॉलच्या भिंतीवर एका म्हाताऱ्या जपानी माणसाचा फोटो आहे, ताईंना वाटायचं असेल कुणीतरी ताकदवान. ते गिचिन फुनाकोशी, शोतोकान या कराटेच्या शैलीचे जनक, 1868 मध्ये ओकिनावात जन्मले, आणि लहानपणी इतके आजारी असायचे की पोर जगतंय की नाही याची घरच्यांना काळजी होती. कराटे शिकत गेले तशी त्यांची तब्येत सुधारली. हे मी सांगितल्यावर ताई म्हणाल्या, दोन वर्षं मी त्या फोटोसमोर बसत होते आणि कुणी मला सांगितलं नाही.

सरांशी काय बोलायचं याची आम्ही ऑफिसात प्रॅक्टिस केली, अगदी नाटकासारखी, मी सर झाले. "सर, माझं हिमोग्लोबिन कमी होतं, औषध चालू आहे, मध्येच थांबले तर चालेल ना?" खरे सर म्हणाले, थांबा की, फक्त हॉलच्या बाहेर जाऊ नका, कडेला उभं राहून बघत राहा. हे उत्तर मला फार आवडलं. तुमच्या सरांनी याऐवजी तोंड वाकडं केलं तर क्लास बदला, गावात एकच क्लास नसतो.

पहिल्या दिवशी ताई तीनदा थांबल्या. दुसऱ्या दिवसापेक्षा तिसऱ्या दिवशी मांड्या जास्त दुखल्या, घाबरून फोन आला, पण ते तसंच असतं, नवीन व्यायामाचं दुखणं दीड-दोन दिवसांनी चढतं आणि मग उतरतं. सांध्यात टोचल्यासारखं झालं किंवा सूज आली तर मात्र दाखवायचं. तीनऐवजी दोनच दिवस जायचं ठरलं, मध्ये सुट्टी. मुलीची वेगळीच अडचण, आई पांढऱ्या बेल्टच्या रांगेत सात वर्षांच्या पोरांमागे उभी म्हणून तिला लाज वाटत होती, पहिला आठवडा ती आईला ओळखच देत नव्हती. मग एकदा सरांनी तिलाच आईचा ठोसा दुरुस्त करायला लावलं. आता घरी भाजी चिरतानाही आईचा खांदा खाली दाबून जाते म्हणे.

वजन म्हणाल तर पाच महिन्यांत दोन किलो कमी झालंय. हिमोग्लोबिन 11.6. दम अजून लागतो, पण ताई आता तो सगळ्यांसमोर लागू देतात. परवाच्या सेशनला मी विचारलं, मग बाटली कोण धरतं आता? हसल्या, म्हणाल्या, "ह्यांना बसवलंय खुर्चीवर. त्यांनाही शिकायचंय म्हणे, पण म्हणतात आधी पोट जरा कमी करतो."