वाचक विचारतात: वही कॅझची, रेकॉर्ड हँकची

प्रश्न: दादा, मी हिपहॉप ऐकतो पण सगळं अलीकडचंच. परवा कळलं की 'रॅपर्स डिलाइट' या शुगरहिल गँगच्या गाजलेल्या जुन्या रॅप गाण्यात त्या ग्रुपमधल्या बिग बँक हँकचं रॅप मुळात ग्रँडमास्टर कॅझ नावाच्या एमसीने (म्हणजे माइकवर रॅप करणाऱ्याने) लिहिलेलं होतं आणि त्याला त्याचं काहीच मिळालं नाही. खरंय का हे? असेल तर त्याने ते दिलंच कशाला? आणि पुढे त्याचं करिअर संपलं का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: खरंय, आणि आजही ऐकताना राग येतो. पुरावा तर गाण्यातच आहे. हँक रॅप करताना मध्येच एक नाव स्पेलिंग करून सांगतो, कॅसानोव्हा फ्लाय. ते हँकचं नाव नव्हतंच, ते कॅझचं त्या काळातलं टोपणनाव. म्हणजे कडवं उचललं तेव्हा त्यातलं मालकाचं नावसुद्धा बदलायचं राहून गेलं आणि 1979 पासून जगभर वाजणाऱ्या त्या रेकॉर्डवर ते तसंच आहे. सुपरमॅनवाला भागही कॅझचाच.

आता दिलं कशाला, हे समजायचं तर तेव्हाचं ब्राँक्स, म्हणजे न्यूयॉर्कचा जिथे हिपहॉप जन्मलं तो भाग, डोळ्यासमोर आणावं लागतं. कॅझ म्हणजे कर्टिस ब्राऊन, ब्राँक्सचा पोरगा. हिपहॉप सुरू करणाऱ्या डीजे कूल हर्कच्या पार्ट्या बघून याला वेड लागलं, आधी डीजे झाला, मग प्लेट फिरवता फिरवता माइकवर रॅपही करायला लागला आणि दोन्ही एकदम करणारे तेव्हा मोजकेच. 1977 च्या जुलैत न्यूयॉर्कची वीज गेली त्या रात्री तो आणि त्याचा जोडीदार डिस्को विझ पार्कात वाजवत होते, लाइन रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून घेतलेली, आणि अंधार झाला तेव्हा आधी त्यांना वाटलं की आपल्यामुळेच गेली!

तर अशा जागी हिपहॉप म्हणजे पार्टी. पार्क, शाळेचा हॉल, क्लब, आणि त्या रात्रीची कॅसेट जी हातोहात फिरायची. रॅपची रेकॉर्ड निघेल, दुकानात विकली जाईल, हे त्या पोरांच्या डोक्यातच नव्हतं. हँक हा कॅझचा मॅनेजर, साउंड सिस्टिमसाठी काढलेलं कर्ज फेडायला न्यू जर्सीच्या एंगलवूडमध्ये पिझ्झाच्या दुकानात काम करायचा आणि तिथे कॅझच्या कॅसेट लावून सोबत म्हणत बसायचा. शुगर हिल रेकॉर्ड्स या कंपनीच्या सिल्व्हिया रॉबिन्सनना असाच रॅप करणारा हवा होता, त्यांनी त्याला घेतलं. हँक स्वतः एमसी नव्हता, मग तो कॅझकडे आला, आणि कॅझने वही समोर टाकली, हवं ते घे म्हणाला. आपला माणूस आहे, त्याचं काही झालं तर उद्या आपलंही होईल, एवढाच हिशोब. लेखी काही नाही, पैशाचं बोलणं नाही.

मला खुपतं ते पुढचं. त्या रेकॉर्डखालचं संगीत शीक या बँडच्या 'गुड टाइम्स'वरून घेतलेलं. नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्सनी कायद्याची भाषा केल्यावर त्यांची नावं लागली, पैसे मिळाले. त्यांच्यामागे वकील होते, कंपनी होती. कॅझच्या मागे कोण होतं? चालीचा मालक सापडला पण शब्दांचा मालक समोर उभा असून त्याचं नाव लागलं नाही. हँक 2014 मध्ये वारला, तोवरही तो हिशोब मिटला नव्हता.

पण करिअर संपलं म्हणता ते मला अजिबात पटत नाही. त्याचं सगळ्यात भारी काम तर नंतरचं, कोल्ड क्रश ब्रदर्स या ग्रुपमधलं. चार एमसी (कॅझ, जेडीएल, ईझी एडी, ऑलमाइटी केजी), सोबत डीजे चार्ली चेस आणि टोनी टोन. चौघं मिळून रुटीन बसवायचे, म्हणजे लोकांच्या ओळखीच्या चालीवर आपले शब्द, एकाची ओळ दुसऱ्याने अर्ध्यात उचलायची, शेवटचा शब्द चौघांनी एकदम. 1981 मध्ये हार्लेम वर्ल्ड क्लबात त्यांची फँटॅस्टिक रोमँटिक फाइव्ह या दुसऱ्या ग्रुपशी लढत झाली, आपल्याकडच्या कलगी-तुऱ्यासारखीच, समोरच्याला शब्दात पकडायचं आणि निकाल पब्लिकच्या आवाजावर. बक्षीस फँटॅस्टिकनी नेलं, पण कॅसेट ऐकणारे आजही म्हणतात कोल्ड क्रश सरस होते, आणि मीही त्यातलाच. मग 'वाइल्ड स्टाइल' सिनेमा आला, त्यात हेच दोन ग्रुप बास्केटबॉलच्या कोर्टवर एकमेकांना रॅपमध्ये सुनावतात, आणि त्या सिनेमामुळे ही मंडळी 1983 मध्ये जपानपर्यंत जाऊन आली.

रेकॉर्ड मात्र फार चालल्या नाहीत हे मान्य. रन-डीएमसी हा नवा रॅप ग्रुप आला, आवाज बदलला, पार्टीवाली पिढी मागे पडली. तरी कॅझ थांबला नाही. न्यूयॉर्कमध्ये बसमधून लोकांना हिपहॉपच्या मूळ जागा दाखवायचं काम त्याने कितीतरी वर्षं केलं, म्हणजे इतिहास घडवणाराच तुम्हाला इतिहास सांगतोय, अजून काय पाहिजे! 2015 मध्ये रॅपर मॅकलमोरच्या 'डाउनटाउन' गाण्यात मेली मेल आणि कूल मो डी या जुन्या रॅपर्सबरोबर तोही आहे, आणि तिथे नाव व्यवस्थित लागलंय.

प्रश्न: कॅझचं काय आधी ऐकू?
(एक वाचक, सातारा)

उत्तर: हार्लेम वर्ल्डची 1981 ची लढत. आवाज खरखरीत आहे, चालवून घ्या. मग 'वाइल्ड स्टाइल'मधली गाणी, आणि शेवटी 'फ्रेश, वाइल्ड, फ्लाय अँड बोल्ड' ही 1984 ची रेकॉर्ड.

प्रश्न: दादा, मी कॉलेजात आहे, मराठीत रॅप लिहिते. ओळखीतला एक मुलगा म्हणतोय तुझ्या ओळी मी रेकॉर्ड करतो, नावाचं नंतर बघू. देऊ का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: 'नंतर बघू'वर देऊ नकोस, प्लीज. तू लिहिलंस त्या क्षणी कॉपीराइट तुझा, आपल्याकडे त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. आणि हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनेच जातो, तोंडी नाही. कागदावर मुदत लिहिली नाही तर कायदा 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. शिवाय 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकाराचा रॉयल्टीचा वाटा कंपनीला सहज काढून घेता येत नाही. पण कायदा बाजूने असला तरी लिहिलं कोणी हे दाखवावं लागतं, म्हणून ओळी आधी स्वतःलाच ईमेल करून ठेव, तारीख राहते. मग त्या मुलाला एका पानावर लिहून दे: गीत तुझं, आवाज त्याचा, पैसे आले तर वाटे असे, आणि गाणं जिथे जिथे अपलोड होईल तिथे गीतकार म्हणून तुझं नाव. तो खरंच मित्र असेल तर दहा मिनिटांत सही करेल. पुढे गाणी वाजायला लागली की आयपीआरएसची मेंबर हो, गीतकारांची रॉयल्टी तीच संस्था गोळा करते.