थायरॉईडची गोळी चालू आहे, तरी टीएसएच उतरेना

प्रश्न : वय 44, वजन 62 किलो. थकवा, बद्धकोष्ठता, केस गळणे, पाळीत जास्त रक्तस्राव म्हणून तपासणी केली. थायरॉईड ग्रंथी कमी काम करते असं निघालं : टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक; ग्रंथी कमी पडली की वाढतं) 14, फ्री टी-4 (थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक) कमी, अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह. चार महिने लेव्होथायरॉक्सिनची (थायरॉईड संप्रेरकाची) 75 मायक्रोग्रॅमची गोळी रोज सकाळी चहाबरोबर घेते, नाश्त्यानंतर लोह आणि कॅल्शियम. तरी टीएसएच 11. थायरॉईडला नको म्हणून कोबी, फ्लॉवर बंद केलेत. डोस वाढवावा लागेल का? गोळी जन्मभर का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : डोसआधी वेळ सुधारा. ग्रंथीचं काम जवळजवळ बंद पडलं, तर किलोमागे साधारण 1.6 मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे तुमच्या वजनाला 100च्या आसपास. तुमची ग्रंथी अजून थोडंफार काम करत असावी. त्यामुळे 75 घेऊनही टीएसएच 14 वरून जेमतेम 11 वर येतो, तेव्हा पहिला संशय चहावर आणि त्या दोन गोळ्यांवर. लोह आणि कॅल्शियम लेव्होथायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात. मग औषध रक्तात पुरेसं पोचतच नाही. आज डोस वाढवला आणि उद्या लोहाची गोळी थांबली, तर तोच डोस जास्त होऊन धडधड, हातांना कंप, झोप उडणं सुरू होऊ शकेल.

उठल्यावर अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर गोळी घ्या. चहा किमान अर्ध्या तासाने, तासाने घेतलात तर उत्तम. लोह आणि कॅल्शियम चार तासांनंतर. पण लोह बंद करू नका, इतक्या रक्तस्रावात हिमोग्लोबिनही तपासायला हवं. सकाळी जमत नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घ्या. ॲसिडिटीची गोळी रोज घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. गोळ्यांची बाटली उष्णतेत, गॅसजवळ ठेवू नका.

टीएसएच पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी. त्याआधी केलेली तपासणी फसवी, कारण औषध रक्तात स्थिरावायलाच पाच-सहा आठवडे लागतात. त्या दिवशी गोळी रक्त दिल्यावर घ्या. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर दोन दिवस आधी थांबवा; त्याने टीएसएच खोटा कमी दिसू शकतो. एवढं करूनही आकडा चढाच राहिला, तर डॉक्टर डोस वाढवतील.

अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह म्हणजे बहुधा हाशिमोटो : शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते. गेलेली ग्रंथी सहसा परत येत नाही, म्हणून गोळी बहुतेकांना कायमची लागते.

कोबी-फ्लॉवर शिजवून खुशाल खा. मीठ आयोडीनयुक्त असलं की पुरे. वर आयोडीनचे थेंब नकोत, हाशिमोटोत जादा आयोडीन उलट त्रास वाढवतं.