रोबो मासा शिकायचाय, मग इंजिनिअरिंग की बायोलॉजी?

प्रश्न : आम्ही अर्जुनी मोरगाव तालुक्यातले, घरचा धंदा तलावातल्या मासेमारीचा. मुलगी अकरावी सायन्सला आहे. खोटा मासा पाण्यात सोडून खऱ्या माशांचा अभ्यास करतात, असं तिनं मोबाइलवर पाहिलं. आता तेच शिकायचं म्हणते. यात पोट भरतं का? इंजिनिअरिंगला घालू का?

उत्तर : भाऊ, डेंग्यूसाठी आरोग्य खात्याची माणसं डबक्यात गप्पी मासे सोडतात ना, बर्लिनमध्ये त्याच जातीवर हे काम चालतं. टाकीत थ्री-डी प्रिंटरवर केलेला गप्पी, टाकीखाली चाकांवरचं यंत्र चुंबकानं त्याला फिरवतं, वर कॅमेरा. खऱ्या माशाला ‘आज तू पुढे चाल’ असं सांगता येत नाही, खोट्याला येतं. मग त्याच्या मागे कोण, कधी जातं ते मोजायचं. त्याला खऱ्यासारखे डोळे बसवले, चाल सुधारली, तेव्हा गप्पींनी त्याला जास्त जवळ केलं.

पण यंत्रावर भाळू नका. २००८ साली स्टिकलबॅक नावाच्या छोट्या, पाठीवर काटे असलेल्या माशांवरचा एक प्रयोग साध्या नकली माशांवर झाला. वाटेत शिकारी माशाचा पुतळा होता. एकट्या नकली माशामागे मोठा घोळका सहसा गेला नाही. दोन-तीन मिळून निघाले तर गेला. इथे कस लागला तो प्रश्न विचारण्याचा.

म्हणून पोरीला विचारा, त्या व्हिडिओत तिची नजर कुठं अडकली? मोटर, कॅमेऱ्यावर असेल तर इंजिनिअरिंगला खुशाल घाला. माशांवर असेल तर बारावीनंतर आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेचा पाच वर्षांचा बीएस-एमएस (पदवी आणि पदव्युत्तर एकत्र) मला जास्त पटतो. पुण्यात आयसर आहे. प्रवेश परीक्षेत फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी असे चारही विषय असतात, तेव्हा ‘बायोलॉजी आहे ना’ म्हणून गणित सोडू देऊ नका. बेंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेत करिमीन या केरळकडच्या माशांवर काम झालं, २०२० साली छापून आलं : प्रत्येक मासा एका वेळी कुठल्या तरी एकाच माशाचं पाहून वळतो आणि त्यातून अख्खा थवा एका दिशेला लागतो. हे निघालं ते गणितातूनच.

पोटाचं स्पष्ट सांगतो. अशा कामाची नोकरी गावात काय, नागपुरातही मिळणार नाही. रस्ता पीएचडीचा, लांबचा. मात्र नेट या देशपातळीवरच्या परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली तर महिना ३७,००० रुपये फेलोशिप असते, घरून पैसे मागावे लागत नाहीत. एवढं थांबणं जमत नसेल तर नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात चार वर्षांची पदवी आहे. तिथून मत्स्यव्यवसाय खात्याच्या परीक्षा देता येतात.

तोवर तिला तुमच्यासोबत तलावावर न्या. जाळं पडलं की कोणता मासा आधी पळतो, कोणता मागे राहतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिला वहीत तारीख टाकून लिहू द्या. घरी काचेच्या टाकीत गप्पी पाळायलाही हरकत नाही. फक्त ते तलावात सोडू नका, बाहेरची जात आहे.