जुन्या फाँटमधली स्मरणिका सोडवायला बसलायस, तर आधी एवढंच कर

शाबास! मंडळाची जुनी स्मरणिका सीडीवरून काढून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा मराठीत, आणायला घेतलीस. इंदुरात आपल्या मंडळांच्या कपाटांत अशा सीड्या ढिगानं पडल्यात, हात कुणी लावत नाही.

आधी दुखणं समजून घे. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये फाइलच्या पोटात मराठी नसतंच. ‘भारत’ दिसतं तिथे आत एच, के, के, जे, आर अशी इंग्रजी अक्षरं असतात. फाँट त्यांना फक्त मराठी मुखवटा चढवतो. फाँट गेला की मुखवटा गेला. म्हणून सगळं निवडून ‘मंगल’ हा युनिकोड फाँट लावू नकोस, नवखे हमखास हेच करतात.

१. सीडीवरून मूळ फाइल दोन ठिकाणी उतरव. मूळ फाइलवर ‘सेव्ह’ कधीच दाबायचं नाही.
२. ज्या कॉम्प्युटरवर ती टाइप झाली, तो भंगारात जायच्या आत त्यातले फाँट काढून घे. पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर म्हणजे पेजमेकर, त्याची शेवटची आवृत्ती 2001 ची. जिथे अजून चालतो, तिथेच पानं छापून ठेव.
३. फाँटचं नेमकं नाव बघ, मग त्याचाच कन्व्हर्टर, म्हणजे त्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम, वापर. मी एकदा भलताच वापरला आणि अख्ख्या अंकातले ‘ळ’ गायब! तीन रविवार गेले.

युनिकोडमध्ये पहिली वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते, जुन्या फाँटमध्ये आधी. त्यामुळे वेलांट्या आणि रफार घसरतात. छापील प्रत शेजारी ठेवून दहाच पानं वाच, शक्यतो आजीला घेऊन. तिला आडनावं पाठ असतात.

मॅक्रो वगैरे, म्हणजे त्याच त्या दुरुस्त्या आपोआप करायच्या युक्त्या, नंतर बघू.